डॉ. रफीउद्दीन अहमद: भारतातले पहिले डेंटल कॉलेज उभारणारे डॉक्टर

माझ्या दवाखान्यात आठवड्यातून तीन-चार जण तरी गालावर हात धरून येतात. दाढ ठणकते, रात्रभर झोप नाही, काहीतरी गोळी द्या, एवढेच त्यांचे मागणे असते. मी एमबीबीएस डॉक्टर आहे, दातांचा नाही. माझ्या गोळीने दोन-चार दिवस आराम पडतो, पण दाढेतली कीड जागच्या जागी राहते.

दातांच्या डॉक्टरकडे का गेला नाहीत असे विचारले की बहुतेक वेळा पैशाचे कारण निघते. रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप यांचा खर्च महिन्याच्या हिशोबात बसत नाही. अनेकांकडे आरोग्य विमा नसतो. ज्यांच्याकडे असतो, त्यांच्याही नेहमीच्या पॉलिसीत अपघाताने झालेली इजा सोडली तर दातांचे उपचार सहसा धरलेले नसतात. मग मी डेंटल कॉलेजचे नाव काढतो, आणि समोरचा चेहरा पडतो. तिथे शिकाऊ मुले आपल्यावर हात साफ करून घेतात, असे अनेकांच्या मनात पक्के बसलेले असते.

हे नाव मी पूर्वी काढतही नसे. काही वर्षांपूर्वी भाजी विकणारे एक काका दाढदुखीसाठी महिनाभरात तीनदा माझ्याकडे आले. त्यांना मधुमेह होता. दोनदा मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि दाताच्या डॉक्टरकडे जा असे मोघम सांगितले. कुठे जा, किती खर्च येईल, हे काहीच सांगितले नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा जबड्याखाली सूज होती, ताप होता आणि साखर खूप वाढलेली होती. त्यांना रुग्णालयात भरती करावे लागले. ते बरे झाले, पण ती वेळ टळली असती. बसने तासाभराच्या अंतरावर डेंटल कॉलेज होते, आणि मी त्यांना ते सांगितले नव्हते.

त्यानंतर मी डेंटल कॉलेजविषयी वाचू लागलो आणि डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्यापर्यंत पोहोचलो. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आपल्याकडे राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. दातांच्या डॉक्टरांमध्ये त्यांना भारतीय दंतवैद्यकाचे जनक मानतात. पेशंट आणि त्यांच्या घरच्यांना मात्र हे नाव सहसा माहीत नसते. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर डेंटल कॉलेजच्या खुर्चीविषयीची बरीचशी भीती कमी होईल असे मला वाटते.

पूर्व बंगालमधून अमेरिकेत

रफीउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधल्या बर्धनपारा या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. पुढचे शिक्षण त्यांनी अलिगढला घेतले आणि १९०८ मध्ये ते पदवीधर झाले. अलिगढच्या त्या कॉलेजचे विद्यापीठ व्हायला तेव्हा अजून बारा वर्षे होती.

१९०९ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्या काळात भारतातून परदेशी जाणारे तरुण बहुधा इंग्लंडला जात, आणि जाऊन वकील, सनदी अधिकारी किंवा डॉक्टर होत. दंतवैद्यक शिकायला जाणारे फार थोडे. आपल्याकडे दात हा शिकण्याचा विषय आहे असेच फारसे कोणी मानत नव्हते. शहरांत थोडे परदेशी शिकून आलेले दंतवैद्य होते, त्यांच्याकडे साहेब आणि श्रीमंत मंडळी जात. बाकीच्यांचा दात दुखला की लवंग, हळद, मीठ आणि शेवटी बाजारात पथारी टाकून बसलेला दात उपटणारा. तो चिमट्याने दात ओढे. चिमटा उकळलेला नसे, भूल दिलेली नसे.

यात जिवालाही धोका होता. पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडावे लागले. त्याआधी दाढेच्या मुळाशी झालेला पू जबड्याखाली, मानेत उतरला तर हाती देण्यासारखे खात्रीचे औषध डॉक्टरकडे फारसे नव्हते. पू कापून बाहेर काढायचा आणि वाट पाहायची, एवढेच शक्य होते. तरणीताठी माणसे दाढेच्या दुखण्याने दगावत.

अमेरिकेत याच विषयाची स्वतंत्र कॉलेजे होती. जगातले पहिले डेंटल कॉलेज तिथेच, बाल्टिमोर शहरात, १८४० मध्ये निघाले होते. अहमद आयोवा विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजात शिकले आणि १९१५ मध्ये त्यांना डीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी मिळाली.

या शिक्षणाची एक खासियत समजून घ्यायला हवी. दंतवैद्यक हे हाताचे काम आहे. पुस्तक वाचून दाढ भरता येत नाही. म्हणून अशा कॉलेजांना जोडून दवाखाना चालवावा लागतो. गावातली साधी माणसे तिथे येतात, विद्यार्थी त्यांच्यावर उपचार करतात आणि शिक्षक बाजूला उभे राहून ते तपासतात. माणसांना कमी पैशांत उपचार मिळतात आणि विद्यार्थ्याला खरे काम शिकायला मिळते. दोघांना एकमेकांची गरज असते. आज आपल्या डेंटल कॉलेजांत दिसते ती हीच पद्धत.

बॉस्टनमधले मुलांचे दंत रुग्णालय

पदवीनंतर अहमद यांनी बॉस्टनच्या फोर्सिथ डेंटल इन्फर्मरी फॉर चिल्ड्रेन या संस्थेत काम केले. ही संस्था तेव्हा अगदी नवी होती. फोर्सिथ नावाच्या एका श्रीमंत कुटुंबाच्या देणगीतून ती उभी राहिली होती. ज्यांच्या आईवडिलांना खासगी दंतवैद्य परवडत नाही, अशा मुलांचे दात नाममात्र पैशांत तपासायचे आणि दुरुस्त करायचे, हे तिचे काम होते.

आपल्याकडे आजही दुधाचे दात पडणारच आहेत, मग कशाला भरायचे, असे म्हणणारे पालक भेटतात. दुधाची दाढ किडून अवेळी गेली तर मूल नीट चावू शकत नाही, रात्री रडते, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाढेची जागाही बिघडते. फोर्सिथसारख्या संस्था हे शंभर वर्षांपूर्वी ओळखून काम करत होत्या. अहमद तिथे १९१८ पर्यंत होते. गरिबांसाठी चालणारा दंत दवाखाना स्वच्छ, शिस्तीचा आणि उत्तम दर्जाचा असू शकतो, हे त्यांनी तिथे रोजच्या कामात पाहिले.

१९१९ मध्ये ते भारतात परतले. अमेरिकेची पदवी आणि बॉस्टनचा अनुभव असलेला दंतवैद्य तेव्हाच्या कलकत्त्यात खासगी दवाखान्यावर सुखाने राहू शकला असता. अहमद यांनी दवाखाना केलाच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत.

सोडा फाउंटनच्या कमाईवर कॉलेज

१९२० मध्ये त्यांनी कलकत्ता डेंटल कॉलेज सुरू केले. भारतातले हे पहिले डेंटल कॉलेज. त्याच्या मागे सरकारी अनुदान नव्हते.

पैसा आणला कुठून, हा भाग मला फार आवडतो. अहमद यांनी कलकत्त्यात न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचा व्यवसाय काढला. सोडा फाउंटन म्हणजे गोड सरबते, सोडा, आइस्क्रीम मिळण्याचे ठिकाण, जसे त्यांनी अमेरिकेत गावोगावी पाहिले असणार. त्या कमाईवर त्यांनी डेंटल कॉलेज चालवले. गोड खाल्ल्याने दात किडतात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तरी कॉलेजला पैसा हवा होता, आणि तो या मार्गाने मिळत होता.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. विद्यार्थी मोजकेच होते. मुलाने मेडिकलला जावे असे वाटणारे पालक होते, पण दातांचे शिक्षण म्हणजे काय, त्यातून पोट भरेल का, हे कोणालाच माहीत नव्हते. पदवीला कायद्याची मान्यता नव्हती. परीक्षा देऊन बाहेर पडलेला विद्यार्थी आणि बाजारातला दात उपटणारा, दोघांनाही आपल्या दारावर दंतवैद्य अशी पाटी लावता येत होती.

तरीही विद्यार्थी येत राहिले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. मुंबईशी नाते असलेले एक नाव सांगायला हवे. फातिमा जिना, म्हणजे महंमद अली जिना यांच्या धाकट्या बहीण, याच कॉलेजात शिकल्या. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत आपला दंत दवाखाना उघडला आणि त्याच्या जोडीला धोबीतलावच्या महापालिका दवाखान्यात विनामोबदला काम केले. त्या काळात बाईमाणसाने पुरुष दंतवैद्यासमोर तोंड उघडून बसणे अनेक घरांत मान्य नव्हते. स्त्री दंतवैद्य असणे म्हणजे त्या घरांतल्या बायकांसाठी उपचाराचे दार उघडणे होते.

पुस्तक, मासिक आणि संघटना

इमारत आणि खुर्च्या असल्या म्हणजे कॉलेज होत नाही, हे अहमद जाणून होते. शिकवायला पुस्तक हवे, नवे ज्ञान पोहोचवायला मासिक हवे आणि व्यवसायाला शिस्त लावायला संघटना हवी. या तिन्ही गोष्टींना त्यांनी हात घातला.

१९२५ मध्ये त्यांनी इंडियन डेंटल जर्नल सुरू केले आणि १९४६ पर्यंत त्याचे संपादन केले. त्याच सुमारास बंगालमधल्या दंतवैद्यांची संघटना त्यांनी उभी केली. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्यांचे दातांच्या उपचारावरचे पुस्तक आले. यात कीड कशी काढायची, दात कसा कोरायचा, कसा भरायचा ही कामे येतात.

पेशंटच्या दृष्टीने यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दात उपटायला सगळेच तयार असतात. दात वाचवायला वेळ, कसब आणि चिकाटी लागते. दात काढण्याला पर्याय नाही असे मानणाऱ्या समाजात या माणसाने दात वाचवण्याचे शिक्षण द्यायला घेतले. आजही माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना स्वस्तात काढून टाका एवढेच हवे असते. दाढ काढली की त्या वेळचे दुखणे संपते, पण पुढे समोरची दाढ वर-खाली सरकते, शेजारचे दात कलतात, चावणे एका बाजूला येते. काही वर्षांनी कवळी लागते. वाचवता येणारी दाढ वाचवणे शेवटी स्वस्त पडते.

पाटी लावायचा हक्क कोणाला

अहमद यांच्या आयुष्यातला मोठा भाग कायद्यासाठी खर्च झाला. दात कोणी तपासावे, कोणी काढावे, यावर नियम असल्याशिवाय पेशंट सुरक्षित नाही, ही त्यांची भूमिका होती. १९३९ मध्ये बंगालमध्ये दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये साऱ्या देशासाठी डेंटिस्ट्स अॅक्ट आला. दंतवैद्यांची नोंदणी, शिक्षणाचा किमान दर्जा आणि त्यावर लक्ष ठेवणारी दंत परिषद ही सारी व्यवस्था या कायद्यातून उभी राहिली.

विद्यार्थ्याच्या हाती दात का द्यावा, या शंकेचे अर्धे उत्तर इथे आहे. डेंटल कॉलेजमधला विद्यार्थी वाटेल ते करू शकत नाही. त्याने काय शिकायचे, कोणत्या वर्षी पेशंटला हात लावायचा, त्याच्यावर किती शिक्षकांनी लक्ष ठेवायचे, हे सारे नियमांनी बांधलेले असते. पथारीवरच्या दात उपटणाऱ्यावर असे कोणाचेच लक्ष नव्हते.

पुढे ते अखिल भारतीय पातळीवर दंतवैद्यांच्या संघटनेचे अध्यक्षही झाले. कलकत्ता महापालिकेतही त्यांनी लोकप्रतिनिधी म्हणून काम केले.

कॉलेज सरकारच्या हाती

फाळणी झाली तेव्हा अहमद यांचे जन्मगाव पूर्व पाकिस्तानात गेले. ते कलकत्त्यातच राहिले. १९४९ मध्ये त्यांनी जवळजवळ तीस वर्षे वाढवलेले आपले कॉलेज पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. तेच आज डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज म्हणून ओळखले जाते आणि सरकारी डेंटल कॉलेज म्हणून चालू आहे.

या निर्णयाचा अर्थ पेशंटच्या बाजूने पाहिला तर लगेच कळतो. एका माणसाच्या मालकीचे कॉलेज त्याच्या मागे टिकेल की नाही, टिकले तर त्याचे दर काय होतील, याची खात्री कोण देणार? सरकारी संस्था झाल्यावर तिथली ओपीडी गरिबांसाठी उघडी राहण्याची शक्यता कितीतरी वाढते.

त्यानंतर ते राजकारणात आले. डॉ. बिधनचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळात त्यांनी शेती, सहकार, मदत आणि पुनर्वसन अशी खाती सांभाळली. रॉय स्वतः नामवंत डॉक्टर होते. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्या काळातली ही जबाबदारी होती. १९६४ मध्ये अहमद यांना पद्मभूषण मिळाले. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या जवळचे डेंटल कॉलेज

कलकत्त्यानंतर हळूहळू देशभर डेंटल कॉलेजे निघाली. मुंबईत महापालिकेचे नायर डेंटल कॉलेज १९३३ पासून आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी डेंटल कॉलेजे आहेत. गोव्यात बांबोळीला सरकारी डेंटल कॉलेज आहे. याशिवाय अनेक जिल्ह्यांत खासगी डेंटल कॉलेजे आहेत. त्यांनाही विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी पेशंट लागतात, म्हणून त्यांची ओपीडी बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बहुधा स्वस्त असते. आपल्या जवळ कोणते आहे हे माहीत नसेल तर कोणत्याही दातांच्या डॉक्टरला विचारा. ते स्वतः अशाच एखाद्या कॉलेजात शिकलेले असतात.

तिथे नेमके कोण काम करते, हे आधी समजून घ्या.

बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप असा असतो. पहिली दोन वर्षे विद्यार्थी पुस्तके, प्रयोगशाळा आणि नकली जबड्यांवर काम करतात. तिथे त्यांनी दात कोरणे, भरणे, कवळीचे मेण रचणे हे पुन्हा पुन्हा केलेले असते. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ते पेशंट पाहू लागतात. इंटर्न म्हणजे शेवटची परीक्षा पास झालेला डॉक्टर. त्याच्या वर एमडीएस करणारे असतात. ते आधीच बीडीएस झालेले असतात आणि एखाद्याच शाखेत तीन वर्षे काम करतात. अवघड रूट कॅनाल, आडवी अक्कलदाढ, हिरड्यांची शस्त्रक्रिया अशी कामे साधारणपणे त्यांच्याकडे किंवा शिक्षकांकडे जातात.

विद्यार्थ्याचे काम टप्प्याटप्प्याने तपासले जाते. आधी तो तुमची माहिती लिहून घेतो आणि दात तपासतो. मग शिक्षक पाहतात आणि काय करायचे ते ठरवतात. कीड काढून झाली की शिक्षक पुन्हा पाहतात, भरून झाल्यावर पुन्हा पाहतात, आणि सही करतात. चूक असेल तर विद्यार्थ्याला ते काम परत करावे लागते. तुमच्या दाढेला दोघांची नजर लागते.

पैशाऐवजी वेळ

डेंटल कॉलेजमध्ये तुम्ही पैसा वाचवता आणि त्या बदल्यात वेळ देता. हे आधीच माहीत असले की चिडचिड होत नाही.

पहिल्या दिवशी केसपेपर काढावा लागतो. तपासणी विभागात तुमचे तोंड पाहून, गरज असेल तर एक्स-रे काढून, तुम्हाला योग्य विभागात पाठवतात. दात काढणे, दात भरणे आणि रूट कॅनाल, हिरड्या, कवळी आणि कॅप, लहान मुलांचे दात, वेडेवाकडे दात, असे विभाग वेगवेगळे असतात. खासगी दवाखान्यात अर्ध्या तासात भरली जाणारी दाढ इथे दोन तासही घेऊ शकते. रूट कॅनालला अनेक खेपा लागतात. पूर्ण कवळीसाठी पहिले माप, दुसरे माप, चावण्याची उंची ठरवणे, मेणातली कवळी लावून पाहणे आणि शेवटी पक्की कवळी देणे, अशा साधारण पाच भेटी तरी होतात. नंतर कवळी टोचते म्हणून एक-दोनदा जावे लागते.

रोजंदारीवर काम करणाऱ्यांसाठी या खेपा म्हणजेही पैसाच असतो, हे मला कळते. म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. एकूण किती वेळा यावे लागेल? प्रत्येक वेळी साधारण किती पैसे लागतील? कॅप किंवा कवळी बाहेरच्या लॅबमध्ये होणार असेल तर त्याचे वेगळे किती? काही ठिकाणी उपचार जवळजवळ मोफत असतो, पण कॅपच्या धातूचे किंवा सिरॅमिकचे पैसे भरावे लागतात. सकाळी ओपीडी सुरू होण्याच्या वेळी पोहोचलात तर बराच वेळ वाचतो. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या काळात विद्यार्थी कमी असतात, तेव्हा पुढची तारीख नीट विचारून घ्या. केसपेपर आणि एक्स-रे जपून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा विद्यार्थी असू शकतो.

आणि सुरू केलेला उपचार अर्धवट सोडू नका. रूट कॅनालची पहिली खेप झाली की दुखणे थांबते, आणि अनेक जण परत जातच नाहीत. तात्पुरते बुजवलेले भोक काही आठवड्यांत निघते, आत पुन्हा जंतू जातात, आणि मग ती दाढ काढावीच लागते.

खुर्चीत बसण्याआधी हे सांगा

विद्यार्थी विचारेलच, पण तो विसरला तरी तुम्ही सांगा.

मधुमेह असेल तर अलीकडची साखर किती होती ते सांगा. त्या दिवशी उपाशी जाऊ नका, नेहमीची गोळी किंवा इन्शुलिन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर तिचे नाव सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका. आधी ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना विचारा.

हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला असेल, तर दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस लागू शकतो.

हाडे ठिसूळ होण्यावर किंवा कॅन्सरवर औषधे चालू असतील तर जरूर सांगा. त्यातली काही औषधे घेणाऱ्यांचे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून यायला त्रास होतो.

गर्भवती असाल, कोणत्या औषधाची अॅलर्जी असेल, पूर्वी भूल दिल्यावर त्रास झाला असेल, तेही सांगा.

काही समजले नाही तर विचारा. शिक्षकांनी एकदा पाहावे असे वाटले तर तसे स्पष्ट म्हणा. तो तुमचा हक्क आहे आणि तिथे कोणी त्याचा राग मानत नाही. एखादा उपचार नको असेल तर नाही म्हणता येते.

कॉलेजची वाट न पाहता रुग्णालयात कधी जावे

पुढीलपैकी काही असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात लगेच जा.

जबड्याखाली किंवा मानेत सूज वाढत असेल.

तोंड नीट उघडत नसेल, गिळताना त्रास होत असेल किंवा लाळ बाहेर येत असेल.

श्वास घ्यायला जड जात असेल, आवाज बदलला असेल किंवा जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल.

डोळ्याभोवती सूज आली असेल.

सुजेबरोबर ताप आणि थंडी असेल, विशेषतः मधुमेह असताना.

वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे दबते, जंतू मरत नाहीत. दुकानातून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकनेही मुळाशी असलेला पू जात नाही. तो बाहेर काढावा लागतो, म्हणजे रूट कॅनाल तरी करावे लागते किंवा दात तरी काढावा लागतो. तीन दिवसांपेक्षा जास्त गोळ्यांवर दिवस काढू नका.

ते भाजीवाले काका बरे झाल्यावर डेंटल कॉलेजला गेले. ती दाढ वाचली नाही, पण शेजारच्या दोन दाढा तिथल्या विद्यार्थ्यांनी भरल्या. त्यासाठी त्यांना चार सकाळी गाडी बंद ठेवावी लागली. आता शेजारच्या गाडीवाल्यांना तेच तिथला पत्ता सांगतात. मीही आता गोळीबरोबर कॉलेजचे नाव, ओपीडीची वेळ आणि बसचा नंबर चिठ्ठीवर लिहून देतो.